द्राक्षाच्या ग्रुपवर कोणाचा सल्ला किती धरायचा: मॉडरेशन आणि मेंबरांचं रेटिंग कसं लावायचं

निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाणा, कुठेही जा, द्राक्ष बागायतदाराच्या फोनमध्ये चार-पाच तरी ग्रुप असतातच. गावाचा एक, औषध दुकानदाराचा एक, एक्सपोर्टवाल्यांचा एक, आणि ऑक्टोबर छाटणी झाली की सगळे एकदम जागे होतात. पण त्यातले बरेचसे दोन-तीन सीझनमध्ये गुड मॉर्निंग आणि जाहिरातींचे होऊन जातात, कारण ज्यांना खरोखर काही कळतं ती माणसं हळूहळू लिहायचं बंद करतात. कोणीतरी उलट बोललेलं असतं, किंवा त्यांनी मेहनतीने लिहिलेलं उत्तर दहा "सहमत"च्या खाली गाडलं गेलेलं असतं.

मी असा एक ग्रुप चालवतो आणि नवीन कोणी सुरू करत असेल तर त्याने काय काय आधीच लावून ठेवावं ते इथे लिहितोय. उदाहरणं सगळी द्राक्षाची आहेत, पण सोसायटीचा ग्रुप असो की ट्रेकवाल्यांचा की जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा, बऱ्याच गोष्टी तशाच लागू होतील. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून डोक्यात पक्की ठेवा, रेटिंग लावताना "हा माणूस किती भारी" असं मोजायला गेलात की ग्रुपमध्ये गट पडणार, मोजायचं ते एवढंच की याने दिलेलं कोणतं उत्तर प्लॉटमध्ये खरं ठरलं. खाली जे काही आहे ते सगळं यातूनच आलंय.

आत कोणाला घ्यायचं

लिंक मोकळी सोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आता जॉइन रिक्वेस्टला अ‍ॅडमिनची मंजुरी लावता येते, टेलिग्रामवरही येते, ती पहिल्या दिवसापासून चालू करा. आत घेण्याआधी चार गोष्टी विचारा: नाव, गाव, कोणती व्हरायटी किती एकर, आणि तुम्ही नक्की काय करता. हा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शेतकरी, दुकानदार, कंपनीचा प्रतिनिधी, कन्सल्टंट, व्यापारी, नर्सरीवाला, कोणालाही बंदी नको, कारण कंपनीच्या माणसाकडे बऱ्याचदा खरंच चांगली माहिती असते, फक्त वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की बोलतोय कोण. म्हणून प्रोफाइलचं नाव असं ठेवायला सांगा: नाव, गाव, काम. "बाळासाहेब, खेडगाव, शेतकरी" किंवा "सचिन, पिंपळगाव, औषध दुकान". जो हे लपवतो आणि नंतर कळतं की एकाच कंपनीचं टॉनिक सगळ्यांच्या गळ्यात मारतोय, त्याला काढायला मग वादच होत नाही.

नवीन माणसाला पहिले काही दिवस लिंक, पीडीएफ आणि फॉरवर्ड टाकायला बंदी ठेवा, प्रश्न मात्र पहिल्या मिनिटापासून विचारू द्या, कारण डावणी (द्राक्षावरचा झपाट्याने पसरणारा बुरशीचा रोग) काही तुमच्या नियमासाठी थांबत नाही. डिस्कोर्स नावाचं ऑनलाइन चर्चा चालवायचं जे सॉफ्टवेअर आहे त्यात ही पायऱ्यांची पद्धत मुळातच आहे, शून्य ते चार अशा विश्वासाच्या पातळ्या, नवीन माणसाला लिंक आणि फोटोवर मर्यादा, आणि तो वाचत गेला, वावरत गेला की एकेक दार उघडत जातं. विशेष म्हणजे तिसरी पातळी कायमची नसते, मागच्या १०० दिवसांत तुम्ही कसे वागलात, किती वावरलात यावर ती टिकते नाहीतर खाली येते. ही कल्पना मला फार आवडते, त्यावर पुढे परत येतो.

अजून एक, बायकांच्या बाबतीत. आपल्याकडे कितीतरी प्लॉट घरच्या बायका बघतात, मजूर त्याच लावतात, डीपिंगला (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायला) त्याच उभ्या असतात, पण ग्रुपवर नवऱ्याच्या नंबरवरून लिहितात कारण स्वतःच्या नंबरवरून लिहिलं की पर्सनलवर नको ते मेसेज सुरू होतात. म्हणून नियमांमध्ये स्पष्ट लिहा की विचारल्याशिवाय कोणाच्याही पर्सनलवर जायचं नाही, आणि एक तक्रार जरी खरी निघाली तरी थेट बाहेर. यात ताकीद वगैरे देत बसू नका.

नियम थोडेच, पण मेसेज काढायची पद्धत पक्की

पंचवीस नियम लिहिले तर कोणी वाचत नाही. पर्सनलवर न जायचा वरचा नियम सोडून पाच पुरे. विषय शेतीचाच. फवारणी सुचवताना पिकाची अवस्था, प्रमाण आणि पीएचआय (शेवटची फवारणी आणि काढणी यातलं दिवसांचं अंतर) लिहिलाच पाहिजे. जाहिरात फक्त ठरलेल्या वारी. व्यापाऱ्याबद्दल पुराव्याशिवाय काही नाही. माणसावर जायचं नाही, मुद्द्यावर बोलायचं. झालं.

पीएचआयचा नियम बाकी काही सोडलं तरी सोडू नका. काढणीच्या आधी किती दिवस कोणतं औषध बंद करायचं हे ज्याने लिहिलं नाही त्याचा सल्ला अर्धवटच. २०१० चा सीझन आठवत असेल, युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, त्याचा फटका कितीतरी वर्षं बोलला जात होता. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची अ‍ॅनेक्श्चर ९ ची यादी असते, त्यात औषध, प्रमाण, पीएचआय सगळं दिलेलं असतं, चालू सीझनची यादी पिन करून ठेवा आणि तिच्या बाहेरचं कोणी सुचवलं तर मेसेज थांबवून विचारा की हे कुठून आलं.

आता मेसेज काढणे. व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिनला २०२२ पासून कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, आणि कोणत्या अ‍ॅडमिनने काढला ते तिथे दिसतं. का काढला ते मात्र दिसत नाही, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. ज्याचा मेसेज गेला त्याला वाटतं चार माणसांत आपला अपमान झाला, बाकीच्यांना वाटतं काहीतरी दाबलं. म्हणून मेसेज काढला की लगेच दोन कामं करायची. पहिलं, त्या माणसाला पर्सनलवर लिहायचं, आणि हे असं लिहायचं:

"राम राम अण्णा. तुमचा सकाळचा मेसेज काढलाय. नियम ४, व्यापाऱ्याबद्दल पुराव्याशिवाय लिहायचं नाही. तुमचे पैसे अडकलेत, राग येणारच. सौदा पावती आणि तारीख टाकून परत लिहा, मेसेज राहील. माझा निर्णय पटला नाही तर उद्या संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मॉडरेटरना सांगा, नंबर पिन केलेला आहे, ते ठरवतील ते मला मान्य."

यात बघा, कोणता नियम ते आहे, परत यायचा रस्ता आहे, आणि दाद कुठे मागायची ते आहे. वयाने मोठ्या माणसाला तर मेसेजही नको, फोन लावा. नाना, अण्णा, तात्या म्हणून ज्यांना अख्खं गाव ओळखतं त्यांना ग्रुपवर "वॉर्निंग" लिहिलीत तर त्यांच्या मागे वीस माणसं निघून जातील, आणि फोनवर दोन मिनिटं बोललात तर बहुतेक वेळा ते स्वतःच म्हणतात, बरं काढून टाक.

दुसरं काम म्हणजे नोंद. एक साधी शीट ठेवा, सगळ्या मेंबरांना बघता येईल अशी, फक्त बदलता येणार नाही. त्यात माणसाचं नाव लिहायचं नाही, एवढंच: तारीख, एक मेसेज काढला, विषय फवारणी, कारण पाणी उतरल्यावर (मणी पिकायला लागल्यावर) औषध सुचवलं पण पीएचआय नाही, मेंबरला कळवलं, दाद मागितली नाही. टेलिग्रामवर अ‍ॅडमिनना मागच्या ४८ तासांतल्या घडामोडी दिसतात पण त्यापुढचं दिसत नाही, त्यामुळे टूलच्या भरवशावर राहू नका, शीट लागतेच. ही शीट उघडी ठेवली की अ‍ॅडमिनलाही स्वतःवर लगाम राहतो, उगाच कंटाळा आला म्हणून कोणाचं काही उडवलं जात नाही.

शिक्षेच्या पायऱ्या आधीच लिहून ठेवा म्हणजे ऐन वेळी माणूस बघून ठरत नाही. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा काही दिवस फक्त वाचायचं, तिसऱ्यांदा सीझनभर बाहेर. टेलिग्रामवर एखाद्याचं लिहिणं ठराविक काळासाठी बंद करता येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर ती सोय नाही, तिथे काढून परत घ्यावं लागतं, त्यामुळे परत कधी घेणार ती तारीख त्याला आधीच द्या आणि त्या दिवशी खरंच घ्या. कांदा निर्यातबंदीसारखा विषय पेटला की सगळ्यांचाच तोल जातो, अशा वेळी एकेकाला पकडत बसण्यापेक्षा टेलिग्रामचा स्लो मोड लावा, काही सेकंदांपासून एक तासापर्यंत एकाच माणसाच्या दोन मेसेजमध्ये अंतर ठेवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर असाल तर रात्रीपुरतं फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असं करा, सकाळी उघडा.

आणि जिथे तुम्ही स्वतः वादात आहात तिथे तुम्ही मॉडरेट करायचं नाही. स्लॅशडॉट म्हणून अमेरिकेतली तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि चर्चेची एक जुनी साइट आहे, १९९७ पासूनची, तिथे हा नियम थेट यंत्रणेतच घातला होता, ज्या चर्चेत तुम्ही मत मांडलं त्या चर्चेत तुम्ही दिलेले मार्क आपोआप रद्द. म्हणून कमीत कमी तीन मॉडरेटर हवेत आणि तिघं एकाच गावचे, एकाच भावकीतले नकोत. एक निफाडकडचा, एक दिंडोरीचा, एक कसमादेतला (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) असा घ्या, तिकडच्या अर्ली (लवकर) छाटणीवाल्यांचे प्रश्न वेगळ्या महिन्यात येतात त्यामुळे कामही वाटलं जातं.

रेटिंग कशाला, लाइक आहेत की

इथे जरा थांबून एक प्रसंग नीट बघू. ऑक्टोबर संपत आलाय, दोन दिवस ढगाळ आणि रात्री पाऊस. एक तरुण मुलगा पानाचा फोटो टाकतो, वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग, आणि लिहितो, भाऊ लवकर सांगा काय मारू. पाच मिनिटांत सहा उत्तरं. पहिलं उत्तर एका दुकानदाराचं, दोन औषधं आणि एक टॉनिक, सोबत "१०० टक्के रिझल्ट". त्यावर लगेच अंगठे पडायला लागतात. मग अजून तिघं तेच औषध सांगतात. आणि सगळ्यात शेवटी एक जण विचारतो, छाटणीला किती दिवस झाले, मागचा स्प्रे कोणता आणि कधी घेतला, पान उलटं करून खालच्या बाजूचा फोटो टाक. त्याला एकही लाइक नाही. आणि खरं काम त्यानेच केलेलं असतं, कारण खालच्या बाजूला पांढरी बुरशी आहे की नाही ते बघितल्याशिवाय डावणी म्हणायचं कसं, आणि मागचा स्प्रे कळल्याशिवाय त्याच गटाचं औषध परत मारायचं का ते ठरवायचं कसं.

लाइक म्हणजे घाईत दिलेलं मत, आणि ते पहिल्याच्या मागे पळतं. हे नुसतं माझं म्हणणं नाही, २०१३ मध्ये सायन्स मासिकात एक प्रयोग छापून आला होता, एका बातम्यांच्या साइटवर लाखभर कमेंटवर केलेला, काही कमेंटना संशोधकांनी मुद्दाम पहिला अपव्होट स्वतःच दिला, तर त्या कमेंटचं शेवटचं रेटिंग सरासरी २५ टक्के वर गेलं. एका खोट्या अंगठ्याने. रेडिट या चर्चेच्या साइटवर मॉडरेटरना कमेंटचे मार्क सुरुवातीचा काही वेळ लपवून ठेवता येतात ते याचसाठी. आपल्या ग्रुपवर लाइक बंद करता येत नसतील तरी लाइक मोजू नका, रेटिंगमध्ये त्यांना शून्य किंमत द्या आणि तसं जाहीर करा.

मग मार्क द्यायचे कसे

मला जी पद्धत योग्य वाटते ती अशी. प्रश्न विचारणारा हाच मुख्य परीक्षक. उत्तरात अवस्था, प्रमाण, पीएचआय आणि कारण असं सगळं असेल तर तो त्या मेसेजला रिप्लाय देऊन "पूर्ण" लिहितो, एक पॉइंट. आठ-दहा दिवसांनी तो परत येऊन त्याच झाडाचा फोटो टाकतो आणि "फरक पडला" लिहितो, पाच पॉइंट. पान उलटं करायला सांगणाऱ्यासारखा योग्य प्रश्न विचारून दिशा दाखवणाऱ्याला दोन. आणि "हे मला कळत नाही, माती-पाणी-देठ तपासून घ्या" असं प्रामाणिकपणे सांगून योग्य ठिकाणी पाठवलं तर त्यालाही एक, कारण न कळणाऱ्या गोष्टीवर गप्प न बसणं हा आपल्या ग्रुपांचा मोठा रोग आहे आणि त्याला औषध म्हणजे "माहीत नाही" म्हणणाऱ्याचा मान ठेवणं.

परत येऊन फोटो टाकणं लोक विसरतात, हे होणारच. त्यासाठी मॉडरेटरपैकी एकाने दर रविवारी मागच्या आठवड्याचे प्रश्न काढून त्या त्या माणसाला विचारायचं, भाऊ काय झालं त्या प्लॉटचं. हे काम कंटाळवाणं आहे पण अख्ख्या पद्धतीत हेच सोनं आहे, कारण दोन सीझन झाले की तुमच्याकडे प्रश्न, उत्तर आणि निकाल अशी नोंद तयार असते जी कुठल्याही दुकानात मिळत नाही.

वजा मार्क द्यावेत का? द्यावेत, पण महाग ठेवा. स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे प्रोग्रामर लोकांची २००८ ला सुरू झालेली प्रश्नोत्तराची साइट, तिथे चांगल्या उत्तराला एका मताचे १० पॉइंट ठेवले आणि वाईट उत्तराचे फक्त २ वजा, आणि वर उत्तराला वजा मत देणाऱ्याचा स्वतःचाही १ पॉइंट जातो. शिवाय वर मत द्यायला १५ पॉइंट लागायचे पण खाली ओढायला १२५. म्हणजे कौतुक स्वस्त आणि टीका विचार करून. आपल्याकडे असं करा की वजा मार्क एकट्याने द्यायचाच नाही, वेगवेगळ्या गावच्या तीन जुन्या मेंबरांनी कारण लिहून दिला तरच धरायचा, आणि तोही फक्त नुकसान होईल अशा सल्ल्याला. न पटलेल्या मताला वजा मार्क अजिबात नाही.

दिवसाला किंवा आठवड्याला कमाल मर्यादा ठेवा. स्टॅक ओव्हरफ्लोवर मतांतून दिवसाला २०० च्या वर पॉइंट मिळत नाहीत, त्यामागचं कारण सरळ आहे, नाहीतर जो दिवसभर फोनला चिकटलेला तोच सगळ्यात मोठा जाणकार ठरतो. आणि आपल्याकडे जो खरा जाणकार असतो तो दुपारी प्लॉटमध्ये असतो, रात्री आठनंतर दोन उत्तरं देतो.

पॉइंटचा आकडा लोकांना दाखवू नका. स्लॅशडॉटवर आधी कर्माचा, म्हणजे मेंबरच्या पॉइंटचा आकडा दिसायचा, लोक तो व्हिडिओ गेमच्या स्कोअरसारखा वाढवायला लागले, मग त्यांनी आकडा काढून त्याजागी नुसते शब्द ठेवले, वाईट, बरा, चांगला, उत्तम अशा धर्तीवर. आपण चार शब्द ठेवू शकतो: नवीन, ओळखीचा, भरवशाचा, जाणकार. आणि हे शब्द विषयवार द्या हे मी अगदी आग्रहाने सांगतो. रोग-कीड, खत-पाणी, छाटणी आणि काडी, एक्सपोर्टची कागदपत्रं, मार्केट. भुरी रोगात जाणकार असलेला माणूस रेसिड्यूच्या (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या) रिपोर्टमध्ये नवीन असू शकतो, आणि त्याच्या नावापुढे नुसतंच "जाणकार" लिहिलंत तर लोक त्याला ट्रॅक्टरच्या ब्लोअरपासून पोराच्या लग्नापर्यंत सगळं विचारतात आणि तोही बिचारा सगळ्याला उत्तर द्यायला लागतो.

एक अडचण मात्र समजून घ्या, नाहीतर रेटिंग फसवेल. फरक पडला म्हणजे औषधामुळेच पडला असं नाही. पाऊस उघडला, ऊन पडलं, पानं कोरडी राहायला लागली की डावणी पुढे सरकायची थांबतेच, मग त्या आठवड्यात ज्याने काहीही सांगितलं तो हुशार ठरतो. म्हणून एकाच प्लॉटच्या निकालावर कोणाला वर चढवू नका. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या हवामानात, निदान दोन सीझन निकाल आले तरच "भरवशाचा" म्हणा. "जाणकार"ला अजून वेळ लागू द्या, काही बिघडत नाही. उलट गावात वर्षाला एखाद-दुसराच जाणकार वाढला तर त्या शब्दाला वजन राहतं.

आणि पॉइंट शिळे झाले पाहिजेत. दरवर्षी एप्रिलमध्ये खरड छाटणी (माल निघाल्यावरची उन्हाळी छाटणी) आटोपली की सगळ्यांचे पॉइंट अर्धे करा. औषधं बदलतात, प्रतिकार तयार होतो, नवीन व्हरायटी येतात, सात वर्षांपूर्वी थॉमसन या पांढऱ्या व्हरायटीवर कमावलेलं नाव घेऊन आज रंगीत व्हरायटीवर सल्ला चालत नाही. डिस्कोर्सची ती १०० दिवसांची गोष्ट मी याचसाठी सांगितली.

लबाडी कशी होते

सगळ्यात नेहमीची लबाडी म्हणजे देवाणघेवाण, तू मला "पूर्ण" दे मी तुला देतो. शीटमध्ये कोण कोणाला देतंय हे दोन रकाने ठेवले की लगेच दिसतं, चार जण सतत एकमेकांनाच देत असतील तर त्या जोडीचा पहिला पॉइंट धरा, पुढचे सोडून द्या. आरोप करायची गरजच नाही, नियमच तसा ठेवा की एका माणसाकडून एका महिन्यात एकच पॉइंट धरला जाईल. दुसरी लबाडी म्हणजे खोटा प्रश्न, कंपनीच्याच माणसाने दुसऱ्या नंबरवरून विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं. प्रश्नाला गावाचं नाव आणि प्लॉटचा फोटो सक्तीचा केला, आणि जवळच्या गावातला एखादा मेंबर "जाऊन बघू का" म्हणाला, की असे प्रश्न गायब होतात.

तिसरी म्हणजे सूड. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटची गोष्ट सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९९६ पासून तिथे घेणारा आणि विकणारा एकमेकांना मार्क द्यायचे, आणि झालं असं की घेणाऱ्याने वाईट लिहिलं की विकणारा उलट वाईट लिहायचा, त्या भीतीने घेणारे खरं लिहीनासे झाले आणि सगळीकडे नुसतं छान छान. शेवटी २००८ मध्ये त्यांनी विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल वाईट शेरा द्यायची सोयच बंद केली. आपल्याकडे यातून घ्यायचं ते हे की उत्तर देणाऱ्याने विचारणाऱ्याला मार्क द्यायचे नाहीत, आणि वजा मार्क कोणी दिला ते नाव फक्त मॉडरेटरकडे राहील. गावात रोज तोंडाला तोंड पडतं, नाव उघडं केलंत तर कोणी खरं बोलणार नाही.

व्यापाऱ्यांना स्टार देऊ नका

हा मोह फार होतो आणि मी समजू शकतो, कारण माल उचलायचा, सुरुवातीला चार पैसे वेळेवर द्यायचे आणि शेवटचे चेक देऊन पसार व्हायचं हे आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं चाललंय. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांकडून शेतकऱ्यांचे पैसे वसूल करायची मोहीम घेतली होती, त्यावरून प्रश्न केवढा मोठा ते कळतं. पण "अमका चोर आहे" असं ग्रुपवर लिहिलं आणि सिद्ध करता आलं नाही तर बदनामीची तक्रार होऊ शकते, भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५६ आहे, आणि लिहिणारा शेतकरी त्यात अडकतो.

म्हणून स्टार नको, शेरे नको, फक्त व्यवहाराची हकीकत. गाव, व्यवहाराची तारीख, किती क्विंटल, काय भाव ठरला, किती पैसे आले, किती बाकी, पावती आहे का. स्वतःच्या व्यवहाराबद्दल स्वतःच लिहायचं, ऐकीव नाही. व्यापाऱ्याने पैसे दिले की तीच नोंद त्याच दिवशी पुरी करायची, आणि त्याला त्याची बाजू लिहायची असेल तर ती जशीच्या तशी खाली लावायची. चांगल्या व्यवहाराच्याही नोंदी मागा, वेळेवर पैसे देणारे व्यापारी आहेत आणि त्यांची नावं पुढे आली की पोरं आपोआप त्यांच्याकडे वळतात. पैसे अडकले असतील तर ग्रुपवर लिहिण्याआधी बाजार समिती आणि पोलीस स्टेशन, हे त्या माणसाला फोन करून सांगा, त्याच्या सोबत कोणीतरी जा.

अ‍ॅडमिनच्या स्वतःच्या जबाबदारीबद्दल लोक खूप घाबरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरने आक्षेपार्ह काही टाकलं तर नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दिसलं पाहिजे. मात्र तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढताच येत नव्हता, आता येतो, त्यामुळे जाती-धर्माचं किंवा कोणाच्या बायका-पोरांबद्दलचं काही दिसलं की चर्चा करत बसू नका, आधी काढा, स्क्रीनशॉट ठेवा, मग बोला.

कुठे चालवायचं

व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडे आहे, एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतात, पण जुनं उत्तर शोधायचं म्हटलं की वाट लागते आणि पॉइंटची नोंद हातानेच शीटमध्ये करावी लागते. टेलिग्रामवर विषयाप्रमाणे वेगळे टॉपिक करता येतात, नवीन माणसाला जुने मेसेज वाचायला मिळतात आणि बॉट लावून "पूर्ण" शब्दाची मोजणी करता येते. डिस्कोर्ससारखं स्वतःचं काही उभं करणं सगळ्यात चांगलं पण त्याला सर्व्हरचं भाडं आणि एक जाणकार पोरगं लागतं. सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप आणि शीटवर करा, एक ऑक्टोबर ते मार्च असा पूर्ण सीझन जाऊ द्या, लोकांना "पूर्ण" आणि "फरक पडला" लिहायची सवय लागली तरच पुढे हलवा. सवय नसताना नुसतं अ‍ॅप बदलून काही होत नाही.

मॉडरेटर दरवर्षी बदला, निदान तिघांपैकी एक तरी. बदलायची वेळ तीच, एप्रिल, खरड छाटणीनंतर, जेव्हा सगळ्यांचे पॉइंट अर्धे होतात. त्या दिवशी नोंदीची शीट, काढलेल्या मेसेजचं कारण, बाहेर असलेल्या मेंबरांच्या परत यायच्या तारखा आणि अजून न मिटलेल्या दोन-चार तक्रारी असं सगळं नवीन माणसाला समोर बसून समजावून द्या, शीटचा मालकी हक्क त्याच्या अकाउंटवर करा, आणि ग्रुपवर एक मेसेज टाका की आजपासून दाद मागायचा नंबर हा.